पाहुणीबाईंचा परदेशी सल्ला

पाहुणीबाईंविषयी लिहावं इतकी त्यांची ओळख इमारतीत कुणालाच नव्हती, आणि नकाशेवाल्यांना तर इतरांहूनही कमी. तळमजल्यावर बाईंचं कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून देण्याचं दुकान होतं. रोज जाता-येता नजरानजर व्हायची. नकाशेवाल्यांच्या विजारींच्या कित्येक चेन बाईंनी बदलून दिल्या होत्या. पण बाईंना भावंडं किती, त्यांना काय खायला आवडायचं, दुकान बंद केल्यावर त्या एकट्या काय करायच्या, यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. बाई कुठल्या देशातून आल्या होत्या हेसुद्धा नाही. सगळा जन्म पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात घालवलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण आहे ते असं आहे. तेव्हा पुढे जे सांगितलं आहे त्यातलं एका आठवड्यापुरतं काय ते डोळ्यांनी पाहिलेलं. बाकीचं ऐकीव, आणि त्यातलंही बरंचसं बाईंनीच सांगितलेलं. म्हणजे ते कितपत खरं मानायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

बाई लग्न करून या इमारतीत आल्या तेव्हा सुनेचं नाव सासूच्या जिभेवर येईना. शेजारणी बघायला जमल्या होत्या. सासूने दोनदा प्रयत्न करून पाहिला आणि शेवटी म्हणाली, "ही आमची पाहुणी." झालं. सासूला पोचवलं, नवऱ्याला पोचवलं, तळमजल्यावरचा गाळा घेतला, तिथे मशीन टाकलं, इमारतीच्या निम्म्या भाडेकरूंच्या कमरा त्यांच्या डोळ्यांसमोर वाढल्या, तरी बाई आपल्या पाहुणीच.

भाषा त्या सासूकडून शिकल्या. सासू दिवसभर बोलायची आणि त्यातलं बहुतेक सुनेला उद्देशूनच असायचं. त्यामुळे "मेलं", "कार्टं", "डोळे फुटले का", "हातांना काय झालंय" हे सगळं बाईंच्या तोंडी अगदी अस्सल होतं. कौतुकाचे शब्द मात्र त्यांच्या कानांवर पडलेच नसावेत. नव्या कोटात एखादा तरुण राजबिंडा दिसायला लागला की बाई मागे सरकून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "बरा दिसतोस मेल्या." हे ऐकायला लोक दुसऱ्या वस्तीतून यायचे.

त्यांचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. सुरुवातीला तोच सासू-सुनेमधला दुभाषा. सासूने कमरेवर हात ठेवून मोठा थोरला पाढा वाचावा आणि नवऱ्याने बायकोकडे वळून तिच्या भाषेत सांगावं, "आई विचारते, दमलीस का?" सुनेनेही मग जे काय सुनवायचं ते सुनवावं आणि नवऱ्याने आईला सांगावं, "ती म्हणते, तुम्ही बसा, मी करते." अशा दोघी एकमेकींवर भलत्याच खूश होत्या. पुढे बाईंना इथली भाषा कळायला लागली. पण त्यांनी ते वर्षभर कुणाला कळू दिलं नाही.

"का हो?" असं कुणीतरी विचारलं होतं.

"का म्हणजे? सासू काय म्हणते ते कळतंय, नवरा काय सांगतो तेही कळतंय. एवढी करमणूक सोडून देऊ?"

माप घेण्याची त्यांची तऱ्हाही वेगळी होती. विजार आणली की गिऱ्हाइकाला उभं करायच्या नाहीत, आधी स्टुलावर बसवायच्या. "उभा माणूस पोट आत घेतो," त्या म्हणायच्या. "दुकानात आला की सगळ्यांचीच छाती पुढे." मग इकडच्या तिकडच्या गोष्टी काढायच्या, त्याच्या मेव्हण्याची चौकशी करायच्या, आणि मेव्हण्याच्या विषयावर माणूस तापून ऐसपैस बसला की हळूच कमरेभोवती टेप फिरवायच्या. गिऱ्हाइकाला आपलं खरं माप कळल्याचं दुःख व्हायचं, पण विजार कधी परत आली नाही.

आता मुद्द्याचं. इमारतीत कुणाचंही परदेशाशी काही निघालं की माणूस पाहुणीबाईंच्या दुकानात. कुणाच्या भाच्याने बाहेरच्या देशातली मुलगी पसंत केली, कुणाच्या बहिणीला तिकडचं स्थळ आलं, कुणाला नुसतं तिकडून पार्सल आलं आणि त्यावर काय लिहिलंय ते कळेना, की चला बाईंकडे. बाई कुणाला परत पाठवत नसत. वरच्या मजल्यावरच्या छपाईवाल्याचा मुलगा तिकडे नोकरीला निघाला तेव्हा छपाईवाल्याने बाईंना विचारलं, थंडी कितपत असते? बाई म्हणाल्या, "फार." मुलाचे दोन कोट आतून जाड कापड लावून शिवले. तिथे बारा महिने घामाच्या धारा लागतात हे त्याचं पहिलं पत्र आल्यावर कळलं. छपाईवाला तणतणत खाली आला, तर बाई म्हणाल्या, "घामाने थंडी वाजते. राहू देत कोट."

लग्नाच्या बाबतीतले त्यांचे सल्ले तर इमारतीत पाठ होते. पहिलं वर्ष भांडण आपापल्या भाषेत करायचं. आपलं मन मोकळं होतं आणि समोरच्याला काही लागत नाही. तिकडच्या सासूला काय आवडतं ते कधी विचारू नये, काय आवडत नाही ते विचारावं; मग दुपारभर दुसरा विषय शोधावा लागत नाही. दोघांपैकी ज्याला स्वयंपाक येत नाही त्याने पहिल्या महिन्यातच एकदा मनापासून करून घालावा, म्हणजे पुढे कुणी नाव काढत नाही. लोक मान डोलवत ऐकायचे आणि तिकडची माणसं अशी असतात तर, असं म्हणत घरी जायचे.

नकाशेवाल्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात दवाखान्यांतली क्ष-किरण यंत्रं दुरुस्त करायची. तिने एका संध्याकाळी फोन केला.

"बाबा, आम्ही येतोय. मी आणि तो. आठवडाभर राहू, इथल्या कचेरीत लग्नाच्या सह्या करू आणि मग त्याच्या देशात."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे या."

लेक म्हणाली, "हे बघा, मी परवानगी मागायला येत नाहीये. पण तुम्ही नेहमीसारखे पेपरात डोकं घालून बसलात ना, तर तुमचा नकार आहे असंच मी धरून चालेन. आणि ते मनात घेऊन मला इतकं लांब जायचं नाहीये. मी नोकरीला निघाले तेव्हा तुम्ही अवाक्षर काढलं नव्हतं. तुम्ही रागावलात असं मी किती दिवस समजत होते, माहितीये?"

खरं तर तेव्हा नकाशेवाल्यांचा ऊर भरून आला होता. पण ऊर भरून आला की त्यांचं तोंड मिटायचं. राग आला तरी मिटायचं आणि दाढ दुखली तरी मिटायचं. बाहेरून तिन्ही सारखंच दिसायचं. बायको होती तोवर ती सांगायची, हे रागाचं आहे, हे दाढेचं आहे. ती गेल्यापासून बाप-लेकीत सांगणारं कुणी राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशेवाल्यांनी एक शर्ट घेतला, कात्रीने त्याचं एक धडधाकट बटण काढून खिशात टाकलं आणि खाली उतरले.

"बाई, बटण लावायचंय."

"कुठंय बटण?"

"हरवलं."

बाईंनी शर्ट उलटा करून आतली बाजू पाहिली. दोरा ताजा कापलेला होता. त्यांनी नकाशेवाल्यांकडे पाहिलं. "बसा," त्या म्हणाल्या.

नकाशेवाले स्टुलावर बसले. बाईंनी डब्यातून बटणं काढून एकेक शर्टावर ठेवून बघायला सुरुवात केली, आणि त्या इतका वेळ बघत राहिल्या की शेवटी नकाशेवाल्यांनाच बोलावं लागलं.

"लेकीचं लग्न ठरलंय."

"बरं झालं. कुणाशी?"

"तिकडचा आहे."

"काय करतो?"

"कवळ्या बनवतो. दातांच्या."

"मग अडचण कसली? कमावता आहे, शिवाय घरच्यांच्या उपयोगाचा."

नकाशेवाल्यांचा हात सवयीने तोंडावर गेला. त्यांच्या खालच्या कवळीने त्यांना बरीच वर्षं छळलं होतं. "तसं नाही बाई," ते बोटांआडून म्हणाले. "तुम्ही तिकडच्या. म्हटलं विचारावं, तिकडच्या माणसाशी वागायचं कसं. पोरीला वाटतंय माझ्या मनात नाही. आणि तुम्हाला माहितीच आहे, मला काही बोलायला जमत नाही."

बाईंनी तोंडात धरलेल्या दोन टाचण्या काढून गादीत खोचल्या. म्हणजे आता मोठा सल्ला येणार.

"तिकडे गप्प माणूस म्हणजे रुसलेला माणूस," त्या म्हणाल्या.

"काय सांगता."

"घरात पाऊल टाकल्यापासून बोलायचं. चहा पीत असला तर बोलायचं. खिडकीतून बाहेर बघत असला तर शेजारी जाऊन उभं राहायचं आणि बोलायचं. एकटं सोडायचं नाही. एकटं सोडलं की त्यांना वाटतं, हाकलून दिलं."

"पण बोलायचं काय?"

"ते तिकडे कुणी बघत नाही. आवाज चालू पाहिजे. तुमचे ते पाइप आहेत ना, त्याबद्दल बोला."

"पाइपांबद्दल ऐकून कुणाला आनंद होणार, बाई?"

"तुम्ही बोलून तर बघा. मेलं, इतकी वर्षं कुणी विचारलं तरी का तुम्हाला?"

हे मात्र खरं होतं. नकाशेवाले शर्ट घेऊन वर आले. बाईंनी लावलेलं बटण इतर बटणांहून वेगळ्या रंगाचं होतं, ते त्यांच्या घरी आल्यावर लक्षात आलं.

पाहुणे आले. होणारा जावई उंच होता. दारातून आत येताना त्याने मान वाकवली आणि आत आल्यावरही जरा वाकलेलीच ठेवली. इथली भाषा तो ध्वनिफितींवरून शिकला होता, त्यामुळे तोंड उघडलं की बातम्या लागल्यासारखं वाटायचं.

"आदरणीय," तो म्हणाला, "आपल्या निवासस्थानी येऊन मला अत्यंत आनंद होत आहे."

नकाशेवाल्यांनी खोल श्वास घेतला. "या, बसा. तुम्ही आत्ता ज्या रस्त्याने आलात ना, त्याच्याखाली तीन नळ आहेत. एक मोठा, दोन लहान. मोठ्याला आम्ही मधूनच वळण दिलं, कारण समोरच्या बँकेने पाया खोल खणून ठेवला होता." आणि त्यांनी ते वळण हाताने काढून दाखवलं.

लेक हातातली पिशवी खाली ठेवायची विसरली.

जावयानेही खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "हे अतिशय रोचक आहे. माणसाच्या जबड्यातही असेच असते. अक्कलदाढेला जागा न मिळाल्यास ती वळण घेते." आणि त्यानेही वळण काढून दाखवलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. उठल्यापासून नकाशेवाल्यांच्या झडपा, टाक्या, चढावरचं पाणी आणि गंजलेले सांधे. जावयाचे सुळे, दाढा, हिरड्या आणि साच्याचं मेण. एकाने जरा उसंत घेतली की दुसऱ्याला घाबरल्यासारखं व्हायचं आणि तो तोंड उघडायचा. जावई खिडकीशी उभा राहिला की नकाशेवाले शेजारी हजर. नकाशेवाले पेपर उघडायच्या बेतात आले की जावई समोर खुर्ची ओढून हजर. बोलताना त्याची नजर सारखी नकाशेवाल्यांच्या तोंडावर खिळलेली असायची. नकाशेवाल्यांना वाटायचं, शब्द संपले का बघतोय. ते आणखी घाईने पुढच्या टाकीकडे वळायचे. जेवताना दोघं एकदमच बोलायचे आणि कुणी कुणाचं ऐकतंय अशी शंका घ्यायला जागा नसायची.

आठवडा निम्मा सरला आणि लेकीने बापाला स्वयंपाकघरात गाठलं. जावई तेव्हा नुकताच बाहेर पडला होता. "एका किरकोळ कामासाठी," असं तो म्हणाला होता.

"बाबा, हे काय चाललंय?"

"काय?"

"काल तुम्ही त्याला झडप कशी बंद करतात ते सांगितलंत. आणि मग कशी उघडतात ते."

"त्याला आवडलं."

"तुम्ही जन्मात आईशी एवढं बोलला नाहीत."

"आल्यागेल्याशी बोलावं."

"तेच म्हणतेय मी." लेकीने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, परत उलगडलं. "तुमचे मोठे साहेब घरी आले होते, आठवतंय? तेव्हा तुम्ही असेच बोलत होतात. ते गेल्यावर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होतात. ज्याच्यासमोर अवघडायला होतं त्याच्याशीच तुम्ही बोलता, बाबा. माझ्याशी कधी बोलता? आणि त्याला तरी काय झालंय कोण जाणे. चार वाक्यं बोलून दमणारा माणूस, तुम्ही समोर आलात की रेडिओ. मला वाटलं होतं तुमचं दोघांचं जमेल. तो तुमच्यासारखाच आहे म्हणून तर मी..."

पुढचं ती बोलली नाही. नकाशेवाल्यांना खूप बोलायचं होतं. तोंड मिटलं.

"राहू दे," लेक म्हणाली. "सह्या झाल्या की शनिवारी लगेच निघतो आम्ही. उगाच तुम्हाला त्रास नको." आणि ती चप्पल घालून कचेरीत कागदांची चौकशी करायला निघून गेली.

नकाशेवाले तसेच उठले आणि पायऱ्या उतरून थेट दुकानात शिरले. त्यांचा घसा पार बसला होता.

बाई मशीनवर होत्या. एक भलीमोठी विजार उलटी करून तिच्या पायांची मुडप उसवत होत्या. मागे कपडे बदलायच्या कोपऱ्याला पडदा ओढलेला होता.

"बाई," नकाशेवाले घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमचा सल्ला अंगलट आला."

"बसा."

"बसत नाही. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला. पोरीला वाटतंय मला तो डोळ्यांसमोर नकोय. शनिवारी निघाली ती. आणि तो मुलगा, बाई, तो मुलगा श्वास घेत नाही. काल जेवताना हिरडी कशी सुजते ते सांगत होता. कान मिटता येत नाहीत म्हणून, नाहीतर..."

बाईंनी विजारीवरून डोळे वर केले नाहीत. "म्हणजे मुलगा वाईट आहे," त्या म्हणाल्या.

"वाईट?" नकाशेवाले स्टुलावर बसले. "कोण म्हणतं वाईट? माझ्याआधी उठून भांडी घासून ठेवतो. दार लावतो तर आवाज येत नाही. पोरीला उशीर झाला की न जेवता थांबतो आणि तिला कळू देत नाही. परवा ती चिडली होती, तर तिची पाण्याची बाटली भरून तिच्या हाताशी ठेवली आणि बाजूला झाला. काही विचारलं नाही की समजूत घातली नाही. तिची आई माझ्याशी असंच वागायची. मुलगा लाखात एक आहे. फक्त त्याने गप्प बसावं. तो गप्प बसला ना बाई, तर मी त्याला इथेच ठेवून घेईन."

"हं," बाई म्हणाल्या. "झालं?"

"झालं."

बाईंनी दोरा दाताने तोडला. "ऐकलंस का रे?" त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या.

पडदा सरकला. आत जावई उभा होता. त्याची विजार बाईंच्या हातात होती, त्यामुळे त्याने कमरेला कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला खिडकीचा फुलाफुलांचा पडदा गुंडाळला होता.

"आदरणीय," तो म्हणाला. त्याचाही आवाज बसला होता. "मीसुद्धा फार थकलो आहे."

नकाशेवाल्यांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण धरणीने काही केलं नाही, म्हणून ते स्टुलावरच राहिले.

"मला बाईंनी सांगितले," जावई पुढे म्हणाला, "की येथील सासऱ्यांना मौन हा अपमान वाटतो. आम्ही आलो त्या दिवशी, वर येण्यापूर्वीच, मी एका विजारीची लांबी वाढवण्यास येथे आलो होतो, तेव्हा सांगितले; आजची ही दुसरी विजार आहे. मी रोज रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाचे विषय ठरवतो. आता माझ्याकडे फक्त पटाशीचे दात शिल्लक आहेत."

"पण तुमच्याकडेच गप्प माणूस म्हणजे रुसलेला माणूस ना?" नकाशेवाल्यांनी विचारलं.

"आमच्याकडे?" जावई विचारात पडला. "आमच्याकडे कोणी बोलत नाही. जो फार बोलतो तो काहीतरी विकण्यास आलेला असतो."

दोघांनी एकदम बाईंकडे पाहिलं. बाई सुईत दोरा ओवत होत्या. एरवी त्यांना ते पहिल्याच फटक्यात जमायचं, आज जमत नव्हतं.

"बाई, तुम्ही मला सांगितलंत, तिकडे असं असतं."

"असेल की कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? तुम्ही तिकडच्याच ना?"

"तिकडे म्हणजे कुठे?" बाई म्हणाल्या. "याच्या देशात मी कशाला मरायला जाऊ? माझं गाव एकीकडे, याचं दुसरीकडे. माझ्या गावाहून याच्याकडे जायला लागेल त्याच्या निम्म्या वेळात तुम्ही इथून पोचाल. तुम्ही तर नकाशेवाले. कधी विचारलंत मला, की बाई, तुम्ही कुठल्या? तुम्हीच काय, इमारतीत कुणी विचारलं? परदेश म्हणजे जसा काही एकच वाडा आहे आणि मी त्याची वाडेकरीण."

"मग सांगायचं नाही का, मला ठाऊक नाही म्हणून?"

"एकदा सांगितलं होतं. खूप वर्षांपूर्वी. ज्याला सांगितलं त्याला वाटलं, बाईंना सांगायचं नाहीये. रुसला माझ्यावर. तेव्हापासून जो येईल त्याला काहीतरी देते. लोक खूश होऊन जातात."

"अहो, पण माझी पोर..."

"तुम्ही बटण कापून आणलंत," बाई म्हणाल्या. "हा माझ्याकडे आला आणि विजारीची लांबी सांगायला याला कपाळावर घाम. म्हटलं, हे दोन मेले आठवडाभर एका खोलीत बसून एकमेकांच्या पायांकडे बघणार, आणि मधे ती पोर झुरणार. त्यापेक्षा बोलून बोलून दमलेले बरे. आणि खरं सांगू? आधी कोण दमतो ते मला बघायचं होतं. हा आधी दमेल अशी मी पैज लावली होती."

"कुणाशी?"

"छपाईवाल्याशी. तो जिंकला." आणि त्यांनी विजार झटकून जावयाच्या अंगावर टाकली. "घाल. उघडा हिंडू नकोस, लोकांच्या पडद्यात."

दोघं जिना चढून वर आले. मजल्यामागून मजला गेला, कुणी एक शब्द बोललं नाही. नकाशेवाल्यांना वाटलं, इतक्या सुखाचा जिना आपण बऱ्याच दिवसांत चढलो नव्हतो. घरात आल्यावर त्यांनी पेपर उघडला. जावई खिडकीशी उभा राहिला. नकाशेवाले त्याच्या शेजारी गेले नाहीत.

बराच वेळ असा गेला. मग जावयाने वळून पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपल्या गालावर एक बोट ठेवलं.

"खालची," तो म्हणाला. "उजवीकडे. टोचते?"

तर तो शब्द संपायची वाट बघत नव्हता. नकाशेवाल्यांनी मान हलवली. जावयाने आपल्या बॅगेतून एक चपटी पेटी आणली, त्यातून बारीकशी कानस काढली आणि हात पुढे केला.

बायको गेल्यापासून कुणी नकाशेवाल्यांना कवळीशिवाय पाहिलं नव्हतं. लेकीनेही नाही. तिच्यासमोर ते तोंडावर हात ठेवल्याशिवाय हसतसुद्धा नसत. त्यांनी त्या पुढे केलेल्या तळव्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग पाठ फिरवली, कवळी काढली, नळाखाली स्वच्छ धुतली, रुमालाने पुसली आणि आणून त्या तळव्यावर ठेवली.

लेक परत आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत काही बोलण्याचा आवाज नव्हता, म्हणून ती घाबरून आत आली. जावई दिव्याखाली बसून काहीतरी घासत होता. मधेच थांबून ते उजेडात धरायचा, अंगठ्याने चाचपायचा, पुन्हा घासायचा. त्याच्यासमोर तिचे बाबा बसले होते, गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, एकदम दहा वर्षांनी म्हातारे, आणि दोन्ही हात मांडीवर. तोंडावर एकही नव्हता.

ती दारातच थांबली. बापाने तिच्याकडे पाहिलं. बोलणं शक्य नव्हतं आणि हात वर जाऊ पाहत होता, पण त्यांनी तो मांडीवरच दाबून धरला आणि ते तिच्याकडे बघून हसले. सगळ्या बोळक्या तोंडाने.

लेकीने पिशवी खाली ठेवली, नाक ओढलं आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला. जरा वेळाने आतून तिचा आवाज आला.

"शनिवारचं राहू दे. मंगळवारी जाऊ."

जावई "बरे" म्हणाला. त्याने कवळी परत दिली, नकाशेवाल्यांनी ती बसवली, एकदा दात मिटून पाहिले. टोचत नव्हती. तरी ते काही बोलले नाहीत.

कचेरीत सह्या झाल्या. बाई साक्षीदार म्हणून आल्या होत्या. जावयाच्या विजारीची लांबी त्यांनी मागून वाकून तपासली आणि कचेरीतल्या साहेबासमोर त्याला "बरा दिसतोस मेल्या" म्हणाल्या. मंगळवारी पोरं गेली. तिकडून लेकीचा फोन येतो. तिला आता बापाच्या "बरं"मधले फरक कळायला लागले आहेत असं ती म्हणते. जावई फोनवर आला की दोघं जरा वेळ गप्प असतात आणि मग तो फोन लेकीकडे देतो.

एवढं होऊनही नकाशेवाल्यांनी बाईंना त्या कुठल्या हे विचारलं नाही. विचारायचं ठरवून ते दोनदा खाली गेले. एकदा दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि एकदा नव्हतं. इमारतीतल्या लोकांना खरा प्रकार कळला तरी त्यांचं जाणं-येणं कमी झालं नाही. छपाईवाल्याच्या पुतणीने परदेशातला नवरा केला तेव्हा तिची आई पहिल्यांदा बाईंकडेच गेली. विचारलं तर म्हणाली, "त्यांना ठाऊक नसतं ते माहितीये. पण विचारायला नको का?"

पुढे एका थंडीत बाई बहिणीला भेटायला आपल्या गावी गेल्या आणि तिथेच आजारी पडून वारल्या. ते गाव कुठल्या देशात, याबद्दल इमारतीत तीन मतं आहेत आणि तिन्ही ठाम आहेत. गाळ्यात आता चष्म्यांचं दुकान आहे.

त्या निघाल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी नकाशेवाले पाव घेऊन परत येत होते. बाई दुकानाचं शटर ओढत होत्या आणि ते अर्ध्यावर अडकलं होतं.

"तेल घाला," नकाशेवाले म्हणाले.

"घातलंय."

"मग जरा वर घेऊन परत ओढा."

बाईंनी वर घेतलं आणि ओढलं. शटर खाली आलं.

"आलं," त्या म्हणाल्या. "पाव ताजा आहे का?"

"सकाळचा आहे म्हणाला."

"भाजून खा मग."

"हो," नकाशेवाले म्हणाले, आणि जिना चढायला लागले.